दाढ तीच

मंगळवारी सिरिल मॉग्रिज आला तेव्हा
डावा गाल इतका सुजलेला
की नाव सांगतानाही अर्धं आडनाव आतच राहिलं.
रात्रभर ठणकतंय, म्हणाला,
कुत्र्यालाही झोपू दिलं नाही.
मी 'तातडी'वर टिचकी मारली.
सव्वीस पौंड ऐंशी पेन्स.
त्याने दोन नोटा ठेवल्या, उरलेले पैसे
कोटाच्या फाटक्या अस्तरातून चाचपून काढले.

डॉक्टर इलिंकाने दाढ उघडली, साफ केली,
खिडकीला लांबी भरतात तसा पांढरा मसाला भरला.
हे तात्पुरतं हं, म्हणाली.
तीन आठवड्यांनी या.

तो आला.
दाढी गुळगुळीत, ठणका गेलेला, जवळजवळ खुशीत.
मी म्हटलं, साडेत्र्याहत्तर.

मी पैसे भरलेत की.
ते तातडीचे. हे नेहमीचे.
पण दाढ तीच.
हो, दाढ तीच.
तोंडही तेच.
तोंडही तेच, मिस्टर मॉग्रिज.

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं.
सात वर्षं करतेय.
तातडी म्हणजे दुखणं थांबवणं,
दाढ वाचवणं वेगळं,
असं मी म्हटलं, आणि या खेपेला
माझं मलाच ऐकू आलं.

म्हणजे दुखत असतं तर स्वस्तात पडलं असतं?

पोराला मांडीवर घेऊन बसलेली एक बाई हसली
आणि पटकन गालावर हात दाबून गप्प झाली.
तिचाही नंबर यायचा होता.

सिरिल ग्रिम्स्बीच्या मासळीबाजारात
तीस वर्षं तागडीपाशी उभा राहिलेला माणूस.
त्याने मला समजावलं, न चिडता,
नवीन पोऱ्याला समजवावं तसं:
कॉडलाही दोन भाव असतात, पोरी.
पहाटेचा एक, दुपारचा एक.
पण दुपारचा उतरतो.
तुमच्याकडे घाई सरली की भाव चढतो.

मला खोटं बोलता आलं असतं.
डॉक्टरांना विचारते म्हणून आत जाऊन
केटलपाशी दोन मिनिटं उभं राहता आलं असतं. तसंही केलं आहे.
माझीच मागची एक दाढ वसंतापासून तडकलेली,
मी उजवीकडून चावते,
आणि तक्त्यातल्या कुठल्या रांगेत बसते
ते अजून पाहिलेलं नाही.

विचार करतो, म्हणाला, आणि गेला.
अपॉइंटमेंट पुढे ढकल, महिन्याभराने.

नोव्हेंबरात, त्याच दिवशी, वेळेआधी दहा मिनिटं,
त्याने काउंटरवर तंबाखूची डबी ठेवली.
आत कापूस, कापसावर दाढ,
तिच्यात डॉक्टर इलिंकाचा पांढरा मसाला
अजून घट्ट, अजून तात्पुरता.

पक्कड? मी विचारलं.
पक्कड. आणि थोडी रम.
कुत्रा बाहेर बांधला होता आधी.

आता सांग, म्हणाला,
ही तातडीची, की नेहमीची?
हसला, तेव्हा डावीकडे
एक काळी, स्वच्छ, फुकटातली जागा दिसली.

मी डबी त्याच्याकडे सरकवली.
त्याने झाकण लावलं, खिशात टाकली,
चालण्याचे पैसे तुम्ही घेत नाही ना, म्हणत
वाऱ्यात दार ओढून बंद केलं. दोनदा ओढावं लागतं ते.

मग मी त्याची अपॉइंटमेंट रद्द केली.
कॉम्प्युटरने कारण विचारलं.
यादीत पाचच कारणं असतात.
खर्च हे त्यात नाही.
मी चौथं निवडलं:
रुग्णाला आता उपचारांची गरज नाही.